सोपवलेली काच

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर दुखणं कमी करायची औषधं देतात, आजार बरा करायची नाहीत. तो टप्पा ओलांडून गेलेली माणसंच तिथे येतात. त्या मजल्यावर सोळा वर्षं काम करणाऱ्या एका बाईंना सगळे ‘ऐकणाऱ्या बाई’ म्हणत. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं पद ‘समुपदेशक’ असं होतं. पण तो शब्द उच्चारताना धडधाकट माणसाचीही जीभ अडखळते, आणि अंथरुणाला खिळलेल्याकडून ती कसरत करून घेण्यात अर्थ नव्हता.

त्याआधी नऊ वर्षं त्या तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसत. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, भेटायची वेळ काय, एवढंच सांगायचं काम. पण लोक खिडकीशी येऊन मजला विचारता विचारता रडायला लागत आणि बाई त्यांना रडू देत. मागे रांग खोळंबायची, रांगेतले वैतागायचे, बाई ढिम्म. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी त्यांना वर मागून घेतलं आणि तीन महिन्यांच्या कोर्सला धाडलं. कोर्समध्ये काय शिकलात असं विचारलं तर बाई सांगत, “खुर्ची कुठे ठेवायची ते.” उशाशी ठेवायची नाही, पायाशी ठेवायची नाही, कमरेच्या रेषेत ठेवायची, म्हणजे माणसाला बघायचं असलं तर बघता येतं आणि टाळायचं असलं तर टाळता येतं.

मरणाची भीती वाटते म्हणून रडणारे त्यांना फार थोडे भेटले. बहुतेकांचा जीव अडकलेला असायचा तो काहीतरी राहून गेलं यात. एका न्हाव्याला स्वतःचं दुकान काढायचं होतं. एका बड्या साहेबांना बासरी शिकायची होती आणि ती त्यांनी निवृत्तीपर्यंत पुढे ढकलली होती. एका आजीबाईंना पोहायला शिकायचं होतं. त्यांचं वय एकोणऐंशी, आणि त्या हे इतक्या गंभीरपणे सांगायच्या की ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळत नसे.

यावर बाईंनी स्वतःची एक रीत बसवली होती. तिला त्या ‘सोपवणं’ म्हणत. दोन-तीन दिवस ऐकून घ्यायचं. मग विचारायचं, “हे कुणाच्या हातात दिलंत तर तुम्हाला झोप लागेल?” ज्याचं नाव निघेल त्याला बोलावून घ्यायचं, पडलेल्या माणसाचा हात त्याच्या हातात द्यायचा. पडलेल्याने काय काय राहिलंय ते मोठ्याने सांगायचं, उभ्या असलेल्याने “हो, मी करीन” म्हणायचं. संपलं. दहापैकी आठ माणसं त्यानंतर औषध न वाढवता झोपत. डॉक्टरांनीही मान डोलावली. दुसऱ्या इस्पितळांतली माणसं बाईंची रीत बघायला यायला लागली. बाईंना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

उभं असलेलं माणूस कधीकधी अडायचं. आवंढा गिळायचं, इकडेतिकडे बघायचं. बाई त्याच्या मागेच उभ्या असायच्या. त्या हलकेच त्याच्या कोपराला हात लावायच्या आणि म्हणायच्या, “हो म्हणा.” बघायला आलेल्यांनी याबद्दल विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: पडलेल्याकडे वेळ नाही, उभ्याकडे आहे. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात काही तपासून बघण्यासारखं उरलंय असं त्यांना वाटेनासं झालं होतं.

त्या आठवड्यात खिडकीपाशीच्या खाटेवर एक नवीन बाई आली. वय पन्नाशीच्या अलीकडे, एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिणारी कारकून. स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार तर दोन-तीन आठवडे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “बाई, जरा तिकडे बघा. दुखणं आटोक्यात आहे, पण हात थांबत नाहीत. चादरीवर पुढे-मागे, पुढे-मागे, मग थोडे वळवतात, परत पुढे-मागे. झोपेतसुद्धा.”

बाईंनी खुर्ची कमरेच्या रेषेत ठेवली आणि बसल्या. बाईंना वाटलं, पीठ मळतेय. पण मळण्यात दाब असतो. हे हात नुसते सरकत होते.

“ओळखलं नाहीत ना,” खाटेवरची बाई म्हणाली. “सकाळपासून दोनदा शेजारून गेलात. म्हटलं, बघू ओळखतात का.”

“माफ करा. इतकी माणसं येतात—”

“मी चष्मेवाल्यांची लेक.”

एवढ्याने बाईंचा चेहरा उजळला. चष्मेवाले त्यांना कसे विसरता येतील. अकरा वर्षांपूर्वी याच मजल्यावर होते, पलीकडच्या रांगेत. अडतीस वर्षं एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चष्म्यांच्या काचा घासलेला किडकिडीत माणूस. म्हणायचे, लोकांना जवळचं दाखवण्यात जन्म गेला, एकदा लांबचं दाखवायचंय. घरी मागच्या खोलीत ते दुर्बिणीची एक मोठी काच स्वतःच्या हाताने घासत होते. ती झाली की दुर्बीण दारात मांडायची आणि गल्लीतल्या सगळ्यांना शनीची कडी फुकट दाखवायची, हा त्यांचा ध्यास. आजार आला तेव्हा काच अर्धीमुर्धी झाली होती. चार दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग काच सोपवली आणि ते लहान मुलासारखे झोपले.

“त्यांचं उदाहरण मी अजून देते,” बाई म्हणाल्या. “शिकायला येतात ना लोक, त्यांना पहिलं तेच सांगते.”

“काय सांगता?”

“की ते शांतपणे गेले.”

“हो, बाबा शांतपणे गेले,” लेक म्हणाली. तिचे हात चालूच होते. “काच मला दिली होती. आठवतं का?”

बाईंना आठवलं नाही. त्यांना चष्मेवाल्यांचा चेहरा आठवत होता, उशीवरचा घामाचा डाग आठवत होता. हात कुणाच्या हातात दिला होता ते आठवत नव्हतं. कुणीतरी मुलगी होती. शेवटी कुणीतरी असतंच. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना खुर्ची जरा मागे सरकवावीशी वाटली.

लेकीने मग सांगितलं. एकदम नाही, तीन दुपारींत मिळून. बोलताना तिला धाप लागायची.

दुर्बिणीची काच घासणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही. दगड भरलेलं एक पिंप. पिंपावर एक काच घट्ट बसवलेली. तिच्यावर ओली पूड टाकायची आणि वर दुसरी काच ठेवून घासायची. ताटापेक्षा मोठी, चांगली दोन बोटं जाड, उचलताना कमरेत चमक भरेल इतकी जड. पुढे-मागे, पुढे-मागे, मग काच थोडी वळवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, परत पुढे-मागे. तास न् तास. म्हणजे वरच्या काचेत मधोमध नखभर खळगा पडतो. तेवढ्या खळग्यात शनी दिसतो म्हणे. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. पूड बदलताना सगळं धुवायचं: हात, पिंप, भिंत, नखांच्या खाचा. कारण जाड पुडीचा एक कण बारीक पुडीत आला की ओरखडा पडला, आणि ओरखडा पडला की सगळं पहिल्यापासून.

लेकीला तारे आवडत नव्हते. नावडतही नव्हते म्हणा. तिने त्यांचा कधी विचारच केला नव्हता. ती आठवडाभर शाळेत दाखले लिहायची, आणि रविवारी सकाळी पिंपाशी उभी राहायची ती संध्याकाळपर्यंत. शब्द दिला होता. लग्नं, बारशी, सहली, सगळ्यांना तिचं एकच उत्तर: रविवारी नाही जमत. नवऱ्याची लांब बदली झाली. पिंप हलवता येत नव्हतं, म्हणून तीही हलली नाही. येऊन-जाऊन राहू, असं तो म्हणाला. आधी यायचा, मग नुसता फोन यायचा, मग फोनही यायचा थांबला. लेकीने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं.

“पाचव्या वर्षी ओरखडा पडला,” ती म्हणाली. “स्वयंपाकघरातून धुतलेले हात घेऊन आले, पण बाहीला कण होता. नवव्या वर्षी दुसरा पडला.”

“बाहीमुळेच?”

लेक खिडकीकडे बघत राहिली. “तो मी मुद्दाम पाडला. चिमूटभर जाड पूड घेतली आणि टाकली. वाटलं, एकदाची खराब झाली की सुटेन. हात वर करून सांगता येईल, बाबा, खराब झाली. पण बाई, काच खराब होत नाही. परत घासता येते. कितीही वेळा घासता येते.”

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून ती पुन्हा पिंपाशी उभी राहिली होती, आता शब्दाबरोबर पापही फेडायचं होतं. आजार कळला त्या आठवड्यातल्या रविवारीसुद्धा तिने दोन तास घासलं होतं.

“आता मी गेले की शब्द तसाच राहणार,” ती म्हणाली. “हे असं घेऊन नाही मरता येत. तुम्ही ते सोपवायचं करा. बाबांचं केलंत तसं.”

“कुणाला?”

“आहे कोण दुसरं. माझ्या मुलीला.”

बाई त्या दिवशी घरी गेल्या आणि भाजी चिरायला घेऊन तशाच बसून राहिल्या. नवरा निवृत्त मीटर-वाचक. लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून त्याची मान कायमची तिरकी झाली होती, त्यामुळे तो काहीही बोलला तरी चेष्टा केल्यासारखं वाटायचं. बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

“मी तिला हो म्हणायला लावलं,” त्या म्हणाल्या.

“तुझ्यापुढे नाही कोण म्हणतंय,” नवरा म्हणाला. “तू हळू आवाजात सांगतेस ना, तिथे माणूस फसतो.”

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांनी सोळा वर्षांतल्या उभ्या माणसांचे चेहरे आठवून बघायचा प्रयत्न केला. न्हाव्याच्या दुकानासाठी कोणी हो म्हटलं होतं? त्याचा भाऊ की मेहुणा? आणि बासरी? साहेबांनी बासरी कोणाच्या गळ्यात मारली होती? आजीबाईंच्या पोहण्यासाठी एका सुनेने हो म्हटलं होतं, एवढं मात्र आठवलं. तिला पाण्याची भीती वाटायची आणि तेव्हा त्या गोष्टीचं सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. चेहरे येत नव्हते. नुसती कोपरं आठवत होती. बाईंना आपली लाज वाटली, आणि ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही.

लेकीची मुलगी तेवीस वर्षांची होती. बेकरीत कामाला होती, पहाटे भट्टी पेटवायची आणि दुपारी दोनला थेट वॉर्डात यायची. भुवयांना पीठ लागलेलं असायचं. वॉर्डातले तिला ‘बेकरीवाली’ म्हणत आणि तिची वाट बघत, कारण ती आली की औषधांच्या वासावर ताज्या पावाचा वास चढायचा. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना व्हरांड्यात गाठलं.

“आई म्हणाली, तुम्ही एक काहीतरी करायला लावता. हात कसा धरायचा असतो? उजवा की डावा?”

“तुला करायचंय का ते?”

“आईला झोप लागेल ना त्याने?”

“मी तुला काय विचारलं?”

मुलगी जरा गोंधळली. “मी लहानपणापासून बघतेय. आई घासायची तेव्हा मी बाजूला बसून अभ्यास करायचे. कुठली पूड कधी, मला पाठ आहे. येईल मला.” मग थोडं थांबून, जणू हे बोलायला नको होतं अशा सुरात, “मला पुढच्या महिन्यात एका दुसऱ्या गावातल्या मोठ्या बेकरीत बोलावलंय. मुख्य कारागिराच्या हाताखाली. ते मी नाही म्हणून कळवीन.”

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. हिचा चेहरा तरी लक्षात ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. भुवईवरचं पीठ, हनुवटीवर भाजल्याचा जुना डाग, उभं राहून राहून एका पायावर भार टाकायची सवय. अकरा वर्षांपूर्वी हिची आईही अशीच उभी असणार.

मोठ्या सिस्टरना त्यांनी सांगितलं, “मला हे सोपवणं करता येणार नाही.”

“मग ती तळमळत जाईल,” सिस्टर म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. चोवीस खाटा सांभाळत होत्या. “मुलगी तयार आहे, आई तयार आहे. तुमचं काय अडतंय?”

“मुलगी तयार आहे, तेच अडतंय.”

“बाई, पेशंट आपला कोण आहे?”

या प्रश्नाचं उत्तर बाई सोळा वर्षं पाठ म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. दोन माणसं होती, आणि त्यातल्या एकाची झोप दुसऱ्याच्या जन्मातून कापून काढायची होती. न करावं तर हे माणूस पापाचं आणि शब्दाचं ओझं घेऊन जाणार. आणि ते ओझं मुळात बाईंनीच त्याच्या डोक्यावर दिलेलं.

गुरुवारी दुपारी लेकीने स्वतःच घाई केली. तिचा आवाज बसत चालला होता. मुलीला तिने खाटेच्या उजव्या बाजूला उभं केलं आणि बाईंना म्हणाली, “तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा. त्या दिवशी राहिला होतात तशा.”

बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या.

लेकीने मुलीचा हात धरला. “तुझ्या आजोबांची काच आहे,” ती म्हणाली. “तिची बारीक पूड चालू आहे. त्यानंतर त्याहून बारीक, मग डांबर लावून लाल पुडीने झळाळी आणायची, मग चांदीचं पाणी चढवायचं, मग नळी करायची, मग—” तिला धाप लागली. “मग गल्लीतल्यांना बोलवायचं. करशील?”

मुलीने श्वास आत घेतला.

“थांब,” बाई म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या दंडाला धरून तिला एक पाऊल मागे ओढलं. हात सुटले. सोळा वर्षांत बाईंनी असं कधी केलं नव्हतं. “ही हो म्हणणार नाही.”

“ती म्हणत होती,” लेक म्हणाली.

“माहितीये. तुम्हीही म्हणत होतात.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर राग आला, खराखुरा, धडधाकट माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसा. “मग मी कुणाला देऊ? तुम्हीच दिली होतीत ना मला. मग तुम्हीच घ्या परत.”

बाईंना वाटलं, हे खरं आहे. याहून खरं आपल्याला इथे कोणी काही बोललेलं नाही. त्या पुढे आल्या आणि त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

“घेते,” त्या म्हणाल्या.

“घासाल?”

इथे हो म्हणणं किती सोपं होतं. दोन-चार दिवसांचा प्रश्न. कोण बघायला येणार होतं? हो म्हटलं असतं तर लेक त्या क्षणी झोपली असती आणि बाईंच्या दहापैकी आठांत आणखी एकीची भर पडली असती. बाईंच्या ओठांवर तो शब्द आला होता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “घेते, पण घासणार नाही. ती तशीच राहील.”

“पुरी नाही होणार?”

“नाही.”

लेकीचा राग कुठे गेला ते कळलं नाही. मग तिने अगदी साधेपणाने, दाखल्यावरची तारीख विचारावी तसं विचारलं, “असं म्हणता येत होतं?”

“हो.”

“मलापण? त्या दिवशी? घेते, पण घासणार नाही, असं?”

“हो. म्हणता येत होतं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. “मी तुमच्याकडे बघितलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या बाबांकडे बघत होते. तुम्ही मागे-पुढे कराल आणि ते जागे राहतील, एवढीच मला भीती होती. चूक माझी होती. तुमची नव्हती, त्यांचीही नव्हती.”

लेकीने हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. “जा तुम्ही,” ती म्हणाली.

दोन दिवस तिने बाईंना खाटेजवळ येऊ दिलं नाही. बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या, रोज, कामाची वेळ संपेपर्यंत. त्यांना माफी नको होती. ती मागायचा हक्क आपल्याला आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. मोठ्या सिस्टर येता-जाता बघत होत्या. लेकीच्या औषधाची मात्रा वाढवावी लागली. ते सिस्टरनी कागदावर लिहिलं, आणि बाईंनी ते वाचलं.

शनिवारी संध्याकाळी बाई मुलीबरोबर तिच्या घरी गेल्या. मागची खोली लहान होती. पिंपाभोवतीची फरशी वर्तुळात झिजली होती; एका माणसाच्या नाही, दोन माणसांच्या पावलांनी. दोघींनी मिळून काच जुन्या चादरीत गुंडाळली, टॅक्सीत घातली, आणि बाईंच्या घरी पलंगाखाली सरकवली. मुलीने हात झटकले. रडली नाही, पण पलंगाची चादर खाली ओढून काच दिसणार नाही अशी केली.

मुलीने रविवारी रजा घेतली होती; सकाळीच ती व्हरांड्यात आली आणि म्हणाली, “आई बोलावतेय.”

लेक एवढ्याशा दोन दिवसांत फार खालावली होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे. हात मात्र चादरीवर अजून सरकत होते, अगदी थोडे, बोटभर पुढे, बोटभर मागे.

“नेलीत?”

“नेली. पलंगाखाली आहे.”

“जड आहे ना.”

“फार जड आहे.”

“हो,” लेक म्हणाली. जणू हे कुणीतरी कबूल करायला हवं होतं. मग तिने विचारलं, “आज रविवार आहे?”

“हो.”

“काय करतात हो लोक रविवारी?”

बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं: अकरा वर्षं हिला रविवार नव्हताच. समोरच्याला काय वाटतं ते विचारायची, पुढे बोला म्हणायची त्यांना सवय होती. तेवढंच त्यांना येत होतं. पण खाटेवरच्या बाईकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तिने विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती.

“उशिरा उठतात,” बाई म्हणाल्या. “जाग नेहमीच्याच वेळेला येते, पण डोळे उघडायचे नाहीत. बाहेर कुणीतरी भांडी वाजवत असतं, त्याच्यावर मनातल्या मनात चिडायचं. मग उठायचं. चहा दोनदा घ्यायचा. दुसरा उगाच.”

“मग?”

“पेपर सगळ्यांना एकदम हवा असतो. मधलं पान कुणीतरी पळवलेलं असतं. अंघोळीला जा, जा म्हणून सगळे एकमेकांना सांगतात आणि कुणी जात नाही. मग डोक्यावरून पाणी घ्यायचं, केस वाळवायला दारात बसायचं. शेजारीण येते. ती पाच मिनिटांसाठी येते आणि तासभर उभी राहते.”

“बसत नाही?”

“बस म्हटलं तर म्हणते, नको, घाई आहे.”

लेकीच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मुलगी खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. “मग आपण कपाट आवरायला काढतो,” ती म्हणाली. “सगळं बाहेर काढतो आणि जुने फोटो सापडतात. मग आवरत नाही. मी तुला विचारते, ही कोण गं, आणि तुलाही आठवत नाही.”

“जेवायला उशीर होतो,” बाई म्हणाल्या. “दोन वाजतात. भांडी तशीच ठेवायची.”

“तशीच?”

“तशीच. कुणी ओरडत नाही.”

“आणि हात?” लेक म्हणाली. आवाज आता फक्त श्वासाइतका उरला होता. “हातांनी काय करायचं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “मांडीवर ठेवायचे.”

मुलीने आईचे दोन्ही हात उचलले आणि चादरीवर, मांडीवर ठेवले. ते तिथेच राहिले.

बाई सांगत गेल्या. दुपारी आडवं व्हायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा. झोपून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ कळत नाही, उगाच शाळेला उशीर झाला असं वाटतं, आणि मग आठवतं. चार वाजता कुणीतरी म्हणतं, बाहेर जाऊ या. कुणी उठत नाही. पाच वाजता परत म्हणतं. मग चपला घालून नुसतं कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि कोपऱ्यावर कुणी भेटलं की तिथेच उभं राहायचं. ऊन उतरतं. दोरीवरचे कपडे वाळलेले असतात, त्यांना उन्हाचा वास असतो.

“बाई,” मुलगी म्हणाली. “आई गेली.”

बाईंना ते दिसलं होतं. तरी त्यांनी सांगता सांगता कपडे आत आणले, एकेकाची घडी घातली, दिवा लावला, आणि मग गप्प झाल्या.